रिकामं माप

“हे काय आहे?” हातमोजे घातलेल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं आणि अण्णांच्या पिशवीतून निघालेलं पितळी भांडं टेबलावर ठेवलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, सांग त्यांना. माप आहे म्हणावं. शेराचं.”

“धान्य मोजायचं भांडं आहे,” मी सांगितलं.

“आणि आत?”

“भात. म्हणजे सालासकट तांदूळ. मूठभरच आहे.”

बाईंनी एक दाणा चिमटीत धरून उजेडासमोर नेला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “हे बी आहे. बी या देशात आणता येत नाही. मला काढून घ्यावं लागेल. भांडं तुम्ही नेऊ शकता.”

मी अण्णांना सांगायच्या आतच त्यांना कळलं होतं. बाईंनी माप उचललं, प्लास्टिकच्या पिशवीवर उपडं केलं आणि तळाला चिकटलेले चार दाणे पडावेत म्हणून बोटाने दोनदा टिचकी मारली. ती टिचकी मला अजून ऐकू येते. नंतर त्यांनी माप कापडाने आतून पुसलं आणि दोन्ही हातांनी अण्णांकडे दिलं.

माझी पुतणी केतकी पुढे झाली. “अण्णा, असं समजा की माप ओलांडलं. नवी सून घरात येताना तांदूळ सांडतेच की.”

“सुनेच्या पायानं सांडतात,” अण्णा म्हणाले. “हातमोज्यानं नाही.”

माप त्यांनी पिशवीत परत घातलं नाही, हातातच धरून विमानतळाबाहेर आले.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा म्हणजे माझे वडील, जनार्दनशेट मलुष्टे. मी जन्मलो त्या वर्षी त्यांनी चिपळूणच्या बाजारात धान्याचं दुकान टाकलं. आम्ही मॉरिशसला उतरलो तेव्हा त्या एका दुकानाची चौदा झाली होती. भाजीपासून फ्रिजपर्यंत सगळं एका छपराखाली मिळणारी, दहा-दहा दारांची. सगळ्यांवर पाटी एकच, ‘भरमाप’. धंदा माझा मोठा भाऊ, रामदासदादा, पाहायचा. मी दुकानात बसलो नाही. चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गावर शिकवलं आणि त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. अण्णांचं वय एक्क्याऐंशी. प्रवासात त्यांच्या औषधांकडे लक्ष ठेवायला रिकामा माणूस मीच होतो.

देशाबाहेरचं दुकान हे दादाच्या मुलीचं, केतकीचं स्वप्न. चार वर्षं ती त्याच्यामागे होती. मॉरिशसमध्ये एक परदेशी कंपनी आपलं भलंमोठं दुकान बंद करून निघून गेली होती, ती जागा केतकीने ठरवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता नोटरीसमोर सह्या व्हायच्या होत्या. जागेसाठी आणखी एक कंपनी टपून होती. बारा टळले की जागा त्या कंपनीची. आणि आमच्या घराण्याच्या कागदात लिहिलेलं होतं की नव्या शाखेवर पहिली सही अण्णांची. दादा निघताना केतकीला एवढंच म्हणाला होता, “अण्णांनी केली तर मीही करेन. नाही केली तर या घरात परत परदेश हा शब्द काढायचा नाही.”

बाहेर आम्हाला घ्यायला यशवन तुकाराम आला होता. केतकीने तिथल्या कामासाठी नेमलेला तिशीचा गडी. त्याचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. तो वाकून म्हणाला, “आपले स्वागत असो. प्रवासात आपणांस काही क्लेश झाले नाहीत ना?”

अण्णांनी मान वर केली. “हा कुठल्या पुस्तकातनं आला गो?”

“शाळेतल्या, आजोबा,” यशवन हसला. “आमच्याकडे शाळेत मराठी विषय असतो. घरी आम्ही क्रिओल बोलतो.”

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना ऊस, नजर संपेपर्यंत ऊस. मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. यशवन म्हणाला की हे दगड जमिनीतून हातांनी उपसून रचलेले आहेत, त्याच्या पणजोबांच्या वेळी. पुढे एक डोंगर दिसला, टोकावर एक प्रचंड गोल दगड, कुणीतरी मडकं ठेवावं तसा. मी आयुष्यात मुलांना चित्रातले डोंगर पुष्कळ दाखवले होते, पण हा पाहून मी काचेला नाकच लावलं. अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मांडीवरच्या मापात त्यांची चार बोटं होती.

आमच्याकडे माप रिकामं ठेवत नाहीत. मोजून झालं की तळाला मूठभर धान्य राहू द्यायचं. अण्णांच्या वडिलांनी हे माप बाजारच्या दिवशी बैलगाडीतून गावोगाव नेलं. टंचाईच्या साली घरात चूल पेटली नाही तेव्हाही त्यातली मूठ काढली नव्हती म्हणे. ती मूठ दरवर्षी नव्या भाताने बदलायची. लहानपणापासून मी पाहत होतो, त्या मापाचा तळ मला कधी दिसला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. आतून ते सोन्यासारखं पिवळं होतं.

दुकानाच्या जागेत शिरलो आणि मी उंबऱ्यातच थांबलो. आमच्या शाळेचं मैदान, त्याच्या शेजारची शेतं आणि त्याला लागून बाजारपेठ, एवढं सगळं त्या छपराखाली बसलं असतं. मांडण्या काढून नेलेल्या. वर काचेतून ऊन खाली उतरत होतं आणि फरशीवर लांबलांब पट्टे पडले होते. आमच्या पावलांचा आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा.

केतकी चालता चालता दाखवत होती. “इथे भाजी. इथे मासळी, बर्फावर. तिकडे वीस काउंटर. आणि इथे, दारातून शिरल्या शिरल्या, धान्य. इथे तुम्ही माप भराल, अण्णा.”

अण्णा बरोबर त्या जागी जाऊन उभे राहिले.

आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही. ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. जुने लोक सगळे असंच मोजायचे. नव्या शाखेच्या पहिल्या दिवशी अण्णा स्वतः माप भरायचे आणि मोठ्याने ‘लाभ’ म्हणायचे. जमलेली गावची माणसं मागून ‘लाभ’ म्हणायची. ते धान्य पहिल्या गिऱ्हाइकाच्या पदरात भेट म्हणून जायचं. चौदा गावांत हे झालं. चौदाही ठिकाणी मी हजर होतो. आणि चौदाही ठिकाणी मी तोंड मिटून उभा होतो.

“केतके,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज त्या पोकळीत केवढातरी मोठा झाला. “मी इथे उभा राहून लाभ म्हणालो, तर मागून कोण म्हणणार?”

ती म्हणाली, “आपण लोकांना आधी सांगू. कार्यक्रमात छापू.”

“छापून म्हणवायचं?”

“अण्णा, लोकांना चांगला माल हवा. तो आपण देऊ. बाकीचं हळूहळू...”

“कोल्हापुरात दुकान काढलं तेव्हा मला एक माणूस ओळखत नव्हता. पण माप काय ते ओळखत होते. काठावर शीग लावून दिलं की मान डोलवत होते. इथं मापातल्या मुठीला लोक काय म्हणाले? बी म्हणाले.” त्यांनी माप पिशवीत घातलं. “तुझी जागा बघून डोळे दिपले, खोटं कशाला बोलू. मेहनतही दिसते तुझी. पण मी रिकामं माप घेऊन परमुलखात सही करणार नाही. यशवन, बाबा, गाडी काढ.”

यशवनने केतकीकडे पाहिलं. केतकी छपराकडे पाहत होती, डोळ्यांतलं खाली येऊ नये म्हणून.

संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात आम्ही तिघं बसलो. अण्णा खोलीत पडले होते.

“काका, तुम्ही पहिलीच्या पोरांना समजावता,” केतकी म्हणाली. “एका माणसाला समजवा.”

“पोरांना मी समजावत नाही. त्यांच्याजवळ बसतो. त्यांचं त्यांना कळतं.”

“किती वेळात?”

“कुणाला दिवसात, कुणाला वर्षात.”

“माझ्याकडे उद्या बारापर्यंत आहे.” ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. “मुठीचाच प्रश्न असेल तर इथलं भात आणू. यशवन, इथे कुठे भात लावतात?”

“कोठेही नाही. सर्व तांदूळ जहाजातून येतो, ताई. पूर्वीपासून.”

“म्हणजे तेही गेलं.” मग तिने अचानक मला विचारलं, “काका, तुम्ही कधीच लाभ म्हणत नाही. मी लहानपणापासून पाहते. का हो?”

“घसा बसतो माझा गर्दीत,” मी म्हणालो.

खरं कारण मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिलीत असताना गुरुजींनी मला फळ्यापाशी उभं करून मणी मोजायला सांगितले. मी मोठ्या ऐटीत मोजले, लाभ, दोन, तीन. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, “दुकान घरी ठेवून यायचं,” आणि पट्टी मारली. पट्टी लागली नाही एवढं हसू लागलं. त्या दिवसापासून तो शब्द माझ्या तोंडातून गेला. पुढे मी स्वतः गुरुजी झालो. चौतीस वर्षांत हजारभर पोरांना मी ‘एक’ शिकवला. माझ्याही वर्गात दोन-तीन पोरं ‘लाभ’ म्हणाली होती. मी मारलं नाही. पण दुरुस्त केलं.

यशवन जायला उठला. म्हणाला, “माझी एक विनंती आहे. माझ्या आजीने उद्या सकाळी आपणांस जेवायला बोलाविले आहे. ती नाराज झाली तर मला घरात राहता येणार नाही. गाव जवळ आहे. बाराच्या आत परत येऊ.”

“कशाला आता?” केतकी म्हणाली.

“मी अण्णांना विचारतो,” मी म्हणालो. जेवायला बोलावलं तर अण्णा नाही म्हणत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं.

गाव उसाच्या मधोमध होतं. पत्र्याची आणि सिमेंटची घरं, दारात जास्वंद, पाठीमागे समुद्राची निळी रेघ. यशवनची आजी, सुभद्रा, दारातच उभी होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने अण्णांचे दोन्ही हात धरले आणि क्रिओलमध्ये पुष्कळ काही बोलली.

“काय म्हणतात?” अण्णांनी विचारलं.

यशवन संकोचला. “म्हणते, हा फार वाळलेला आहे. याला घरी जेवायला देत नाहीत काय?”

अण्णा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं, लाकडी बाकावर. चुलीवर डाळ शिजत होती. आजीला मराठी येत नव्हतं. दोन आरत्या येत होत्या, त्यांचा अर्थ येत नव्हता. केतकी सारखी घड्याळ पाहत होती. साडेनऊ झाले होते.

आजीने कोपऱ्यातल्या पिंपाचं झाकण काढलं. आत तांदूळ. त्यात दुधाच्या पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा होता, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. तिने डबा भरला, तळहाताने वरचा तांदूळ सारखा न करता तसाच शिगेचा राहू दिला आणि पातेल्यात ओतला.

“लाभ,” ती म्हणाली.

मग दुसरा. “दे.” तिसरा. “त्र्वा.” चौथा. “कात.”

केतकी घड्याळ पाहत होती. यशवन पाट मांडत होता. कुणाचंच लक्ष नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठून उभे राहिले होते.

“यशवन,” ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की मला वाटलं त्यांना घेरी येतेय. मी त्यांचा दंड धरला. “यशवन, आजीला सांग, परत मोज म्हणावं.”

“तांदूळ कमी पडेल असे वाटते काय, आजोबा?”

“नाही. पहिल्यापासनं परत मोज म्हणावं. मला ऐकायचंय.”

यशवनने सांगितलं. आजीने खांदे उडवले. पाहुण्यांचं खूळ. तिने सगळा तांदूळ पिंपात परत ओतला आणि पुन्हा डबा भरला.

“लाभ,” ती म्हणाली. “दे. त्र्वा.”

चुलीवरची डाळ उतू जात होती. कुणी हललं नाही.

“दे म्हणजे दोन,” यशवन आमच्या तोंडाकडे पाहत गोंधळून म्हणाला. “त्र्वा म्हणजे तीन. ही आमची क्रिओल आहे. पहिला शब्द... तो आजीचा आहे. मला ठाऊक नाही. लहानपणापासून ती असेच म्हणते. मला वाटे, तांदळाला म्हणत असेल. शाळेत आम्हाला एक शिकविला.”

“शाळेत एकच शिकवतात,” मी म्हणालो.

अण्णा बाकावर बसले. “विचार तिला, कुठून आला हा शब्द?”

आजीने डाळ उतरवली, हात पुसले आणि सांगू लागली. यशवन वाक्यावाक्याला थांबवून आम्हाला सांगत होता.

“तिला तिच्या आजीने शिकविले. ती आजी आईच्या कडेवर बसून जहाजातून आली. मळ्यावर शनिवारी तांदूळ मोजून मिळत असे. मुकादम डबा भरी आणि एन म्हणे. एन म्हणजे एक. पण घरी आणल्यावर तिची आजी तोच तांदूळ पुन्हा मोजी आणि लाभ म्हणे. कारण...” यशवन थांबला. त्याने आजीला काहीतरी परत विचारलं. आजीने तेच पुन्हा सांगितलं, जरा रागाने. “कारण एन हा मालकाचा आकडा. तो मळ्याचा तांदूळ. लाभ म्हटल्यावर तो आपला होतो. मगच शिजवायचा.”

“आणि कोंबड्या मोजताना काय म्हणते?” अण्णांनी विचारलं.

आजी हसली. “एन.”

“कपडे?”

“एन. सगळ्याला एन. लाभ फक्त तांदळाला.”

अण्णांनी मान हलवली, एकदा, दोनदा. आमच्या दुकानातही पोती मोजताना ‘एक’च म्हणत. लाभ फक्त मापाला.

केतकीने घड्याळाचा हात पदराखाली घेतला होता. ती कुजबुजली, “काका, सव्वाशे वर्षं झाली असतील.”

एवढा समुद्र ओलांडून आलेल्या त्या बाईचं गाव मागे राहिलं, आडनाव गेलं, भाषा गेली. आणि हा एक शब्द पत्र्याच्या डब्याला धरून राहिला. माझ्या तोंडातून ज्याला हाकलायला एक पट्टी पुरली होती, तो हाच शब्द.

अण्णांनी पिशवीतून आमचं माप काढलं आणि आजीपुढे धरलं. तिला दाखवायचं होतं, बाकी काही नाही. तिने ते हातात घेतलं, वजन पाहिलं, काठावरून बोट फिरवलं. मग आत डोकावली. तिचा चेहरा बदलला. ती अण्णांना काहीतरी फाडफाड बोलली.

यशवनचे कान लाल झाले. “आजोबा, क्षमा करा. ती वृद्ध आहे.”

“काय म्हणाली ते सांग.”

“म्हणते... एवढा मोठा दुकानदार म्हणवितो आणि माप रिकामे घेऊन फिरतो? याला कोणी काही शिकविले नाही काय?”

अण्णा उत्तर देईपर्यंत तिने माप पिंपात बुडवलंही होतं. शीग लावून वर काढलं आणि पातेल्यात ओतलं. ओतताना मनगट वळवलं, मूठभर आतच राहील असं, आणि तसंच अण्णांच्या मांडीवर ठेवलं. मग तिने आपला पत्र्याचा डबा उचलून अण्णांच्या नाकासमोर तिरका केला. त्याच्याही तळाशी मूठभर तांदूळ होता.

अण्णांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. उघडपणे, सावकाश. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

“केतके,” ते म्हणाले, “किती वाजले?”

“दहाला पाच कमी.”

“जेवून निघू. ही उपाशी सोडायची नाही आपल्याला.”

परतताना अण्णा आणि मी गाडीत मागे बसलो होतो. माप त्यांच्या मांडीवर, त्यावर त्यांचा तळहात झाकणासारखा. ऊस मागे पळत होता. अण्णा म्हणाले, “मास्तर, तुला त्या गुरुजीनं मारलं होतं ना? मणी मोजताना?”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तू जेवला नाहीस त्या रात्री. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन विचारलं.”

“मग? भांडलात?”

“कशाला भांडू? तो म्हणाला, शेट, शाळेत एक चालतो. मी म्हटलं, चालू दे. पोरगं शिकतंय, शिकू दे.” त्यांनी बोटांनी तांदूळ जरा चाळवला. “पण तुला परत लाभ म्हण म्हणालो नाही मी कधी. म्हटलं, येईल तेव्हा येईल.”

बावन्न वर्षं. मी केतकीला ऐटीत सांगितलं होतं की मी पोरांजवळ बसतो, त्यांचं त्यांना कळतं. हे मला कुणी शिकवलं होतं, ते गाडीत कळलं.

नोटरीच्या कार्यालयात आम्ही पावणेबाराला पोहोचलो. अण्णांनी सही केली. चष्मा लावून, एकेक अक्षर सुटं काढत. मग पेन केतकीकडे दिलं.

पुढच्या जानेवारीत दुकान उघडलं. तेव्हाही अण्णांबरोबर मीच गेलो. दादाही आला होता, नवा सूट घालून, घामाघूम. त्या रिकाम्या पोकळीत आता मांडण्या होत्या, फळांचे डोंगर होते, वीस काउंटरवर वीस मुली होत्या. दरवाजाबाहेर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. चिनी, आफ्रिकी, तमिळ, भोजपुरी, गोरे, सगळे चेहरे. इतकी वेगवेगळी माणसं एका दुकानात शिरण्यासाठी उभी आहेत आणि दुकानावर पाटी ‘भरमाप’ची आहे, हे माझ्या डोळ्यांना पटायला वेळ लागला.

दारातून शिरल्या शिरल्या धान्य होतं. एक लाकडी पेटी, तीत तांदूळ. अण्णा तिथे उभे राहिले. पहिलं गिऱ्हाईक म्हणून सुभद्राआजी समोर, नव्या झग्यात, हातात आपला पत्र्याचा डबा. केतकीने काही छापलं नव्हतं. कुणाला काही सांगितलंही नव्हतं. तशी अण्णांची ताकीद होती.

मी दादाच्या शेजारी उभा होतो. अण्णांनी माप भरलं. तांदळाची शीग वर चढली. त्यांनी लोकांकडे पाहिलं नाही.

“लाभ,” ते म्हणाले.

आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला.

आधी सुभद्राआजी म्हणाली, रोजच्यासारखी, स्वयंपाकघरात म्हणावं तशी. “लाभ.” तिच्या मागून कुठून तरी एक म्हातारा म्हणाला. मग आणखी दोन बायका, रांगेच्या मध्यावर. त्या एकमेकींकडे वळून पाहू लागल्या. त्यांना वाटत होतं की हा शब्द आपल्याच घरातला आहे. मग दाराबाहेरून, उन्हातून, न दिसणाऱ्या माणसांचा. लाभ. लाभ. काही तरुण पोरं आपल्या आज्यांच्या तोंडाकडे बघत होती. यशवन बघत होता.

मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. मी तोंड उघडलं. “लाभ.”

दादाने चमकून माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी मान वळवली नाही, पण मापावरचा त्यांचा हात क्षणभर थांबला. एवढ्या गर्दीत त्यांना नेमका माझा आवाज वेगळा कळला.

मग त्यांनी तांदूळ आजीच्या डब्यात ओतला. दुसरं माप भरलं. चौदा गावांत दुसऱ्या मापाला ते ‘दोन’ म्हणाले होते. या वेळी ते थांबले. आजीकडे पाहिलं. आजी वाट पाहत होती, रांगेतले सगळेच वाट पाहत होते.

“दे,” अण्णा म्हणाले.